मेट्रोला भांडवल, एसटीला मात्र ‘तोटा’?

राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला, त्यानंतरच्या रविवारी आम्ही नागपुरातल्या आमच्या विहारात तो वाचायला बसलो. वंदना झाल्यावर दहा-बारा जण थांबले. रोज गावाहून एसटीने कॉलेजला येणाऱ्या एका मुलीने विचारले, “दादा, मेट्रोला पैसे दिले की गुंतवणूक म्हणतात, एसटीला दिले की तोटा भरून काढला म्हणतात. असं का?” आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलेले. पण उत्तर आले नाही.

मग आम्ही शोधायला लागलो. नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा २०१४ मध्ये मंजूर झाला, खर्च ८,६८० कोटी रुपये. महामेट्रो ही केंद्र आणि राज्य यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी. दोघांनी भागभांडवल घातले. मोठा वाटा जर्मनीच्या केएफडब्ल्यू आणि फ्रान्सच्या एएफडी या संस्थांच्या कर्जातून आला. शहरात घर घेणारा मुद्रांक शुल्कासोबत मेट्रोसाठी १ टक्का जादा भरतो, तो वेगळाच. म्हणजे पहिले तिकीट फाटण्याआधीच भांडवलाची सोय लागली. आमचा त्याला विरोध नाही. मेट्रोत आमची माणसेही बसतात.

आता एसटी बघा. १९४८ पासून ती गावोगाव धावते. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यानुसार केंद्र आणि राज्य दोघेही महामंडळाला भांडवल देऊ शकतात. प्रत्यक्षात तिच्या तिकिटावर राज्य १७.५ टक्के प्रवासी कर घेते. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. त्याची भरपाई सरकार देते, पण ती झालेल्या प्रवासाची. नव्या गाडीला, नव्या आगाराला वेगळे भांडवल लागते. ते अधूनमधून मिळते, पण मेट्रोसारखे आधी बांधून दिलेले नसते.

हा फरक ओळखायचे साधन संविधानातच आहे. अनुच्छेद २०२ प्रमाणे राज्याला आपल्या अंदाजपत्रकात महसुली खर्च इतर खर्चापासून वेगळा दाखवावाच लागतो. आणि ज्या बाबासाहेबांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यांचे अनुयायी म्हणवणारे आम्ही अंदाजपत्रक उघडूनही बघत नाही!

खरे सांगायचे तर दोष आमचाही आहे. चौकाला, स्थानकाला नाव द्या म्हणून आम्ही कितीतरी निवेदने दिली. नाव हवेच, तो सन्मानाचा प्रश्न आहे. पण तालुक्याच्या आगाराला या वर्षी भांडवली खर्चातून किती रुपये, असे विचारणारे एकही निवेदन आमच्या फाईलमध्ये सापडले नाही. शेतमजूर, सफाई कामगार, शिकणारी मुलगी ज्या गाडीची वाट बघतात, तिचा हिशेब आम्ही प्रस्थापितांवर सोडून दिला होता.

त्या मुलीने पुढच्या रविवारी स्वतःच अर्ज लिहून आणला. पहिली सही तिची, दुसरी आमची. मित्रांनो, तुमच्या तालुक्यातून असा अर्ज कधी जाणार?

जय भीम!