काळ्याच्या चार प्लेटा

लग्नपत्रिकेचा मजकूर हल्ली हातानं लिहिलेल्या कागदावर क्वचितच येतो. मोबाइलवर वर्डची फाइल येते, नाहीतर घरातल्या एखाद्या भाच्यानं केलेली पीडीएफ. सोबत निरोप, ‘‘सगळं तयार आहे काका, फक्त छापायचंय.’’ उघडून बघावं तर खरंच सगळं तयार दिसतं. वर गणपती, मधे वधूवरांची नावं, खाली निमंत्रकांची लांबलचक रांग. अक्षरं काळीभोर. त्या काळ्यात डोळ्यांना काही खोट सापडत नाही, आणि आमची निम्मी डोकेदुखी तिथंच असते.

स्क्रीनवरचा काळा म्हणजे उजेड बंद; लाल, हिरवा, निळा तिन्ही शून्य. छपाईत काळा कागदावर आणून ठेवावा लागतो. खिळे जुळवायच्या काळात तो डब्यातून यायचा, एकच शाई, विषय संपला. वर्डमधला आरजीबी काळा चार रंगी छपाईसाठी बदलला, की प्रोफाइलप्रमाणे त्याची चार शाईंत वाटणी होते. फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकन प्रोफाइलवर ती सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७, काळा ९० अशी येते. बेरीज ३०० टक्के. एवढी शाई मोठ्या शीर्षकाला शोभेलही. नऊ पॉइंटच्या नावांच्या यादीला मात्र ती सोसत नाही.

आमचं मशीन दोन रंगी. चार रंगी काम दोन फेऱ्यांत निघतं, आधी काळा-सायन, मग मॅजेंटा-पिवळा. पहिल्या फेरीत कागद पाणी पितो आणि किंचित ताणतो. एप्रिल-मेच्या हिंगोलीच्या उन्हात दुसरी फेरी लागेपर्यंत आक्रसलेला असतो. फरक केसाएवढा. फोटोत तो खपून जातो, देवनागरीत खपत नाही. शिरोरेषेच्या कडेनं गुलाबी काठ दिसतो, अनुस्वाराचे दोन ठिपके होतात, रफाराच्या पोटात शाई भरते. मशीनमन शीट हातात देऊन म्हणतो, ‘‘भाऊ, अक्षराला लाल काठ यायलाय.’’ तो रजिस्टर कितीही जुळवो, एका कोपऱ्यात जुळलं की दुसऱ्या कोपऱ्यात सुटतं. मजकूर एकाच प्लेटवर असता तर सरकायला दुसरं काही उरलंच नसतं.

म्हणून नांदेडला प्लेटांसाठी फाइल पाठवण्याआधी मी ती अ‍ॅक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये उघडतो. तिथं चारही प्लेटांची नावं खूण करून दिसतात. काळ्यापुढची खूण काढायची. बारीक मजकूर पानावरून साफ नाहीसा झाला पाहिजे. त्याच जागी तपकिरी अक्षरं मागं राहिली, तर तो काळा चार शाईंचा आहे. इलाज सोपा, पण मराठीत त्याला एक फाटा फुटतो. पीडीएफमधला मजकूर अक्षर म्हणून कोरलमध्ये आणला की जोडाक्षरं मोडतात, वेलांट्या भलतीकडे जातात. त्यामुळे आधी अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते आकार, करून घ्यायचे, मग ‘शोधा आणि बदला’मधून आरजीबी काळ्याच्या जागी के १००, म्हणजे नुसती काळी शाई, द्यायचा.

पुष्कळ जण सांगतात, पीडीएफ/एक्स-१ए करा, सगळे प्रश्न मिटतात. २००१ सालचं हे आयएसओ मानक आरजीबी चालवून घेत नाही हे खरं. पण चार शाईंचा काळा सीएमवायकेच असतो, त्याला ते आनंदानं आत घेतं. तपासणीत हिरवी खूण येते आणि पत्रिका तरीही गुलाबी काठाची निघते. माझा भरवसा त्या खुणेपेक्षा काळ्याची प्लेट बंद करून बघण्यावर जास्त.

हळदीच्या पाकिटांची तऱ्हा वेगळी. आमच्या जिल्ह्यातल्या वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पाकिटं पिवळीधमक असणार हे ओघानंच आलं. तिथं के १०० एवढ्यानं भागत नाही. पिवळ्यात अक्षराच्या आकाराचं भोक पडलं आणि काळा जरा हलला, की मधून पांढरी रेघ डोकावते. काळ्याला ओव्हरप्रिंट द्यायचं, म्हणजे खाली पिवळा सलग राहतो आणि काळा त्याच्यावर बसतो.

हेच ओव्हरप्रिंट पांढऱ्या अक्षराला लागलं की घात. पांढरी शाई मशीनमध्ये नसतेच. पांढरं अक्षर म्हणजे रंगात ठेवलेली मोकळी जागा. ओव्हरप्रिंट असेल तर ती जागा सुटत नाही आणि अक्षर गडप होतं. निवडणुकीच्या एका पत्रकाची बाहेरून आलेली फाइल अशीच होती. तळाशी गडद पट्टी, तीत सहा पॉइंटची पांढरी ओळ, मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता. स्क्रीनवर स्वच्छ वाचता येत होती. ओव्हरप्रिंट दाखवण्याची खूण केली आणि पट्टी कोरी झाली. ओळ आधी काळी असणार. कुणीतरी रंग पांढरा केला, ओव्हरप्रिंट तसंच राहिलं. उमेदवाराचा फोटो जरा लाल आला तर चिडलेला कार्यकर्ता येईल, चहा पिऊन जाईल. ही ओळ नसली तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओव्हरप्रिंट काढून फाइल परत केली, तेव्हा फाइलवाला फोनवर वाद घालत होता की त्याच्या मोबाइलवर तर सगळं दिसतंय. दिसत असणारच. मी त्याला फक्त सायनच्या प्लेटचा स्क्रीनशॉट पाठवला, आधीचा आणि नंतरचा.