पॅरिस ते रोम, आगगाडीने

परदेशवारी म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "किती देश पाहिलेत?" बारा दिवसांत सात देश केले असं सांगणाऱ्या बायका भेटतात, आणि पाय किती सुजले होते तेही त्याच सांगतात. म्हणून आपलं आपण युरोप करायचं ठरलं, तेव्हा मी घरात एकच हट्ट धरला. शहरं मोजायची नाहीत, बॅगा किती वेळा भराव्या लागणार ते मोजायचं. मैत्रिणींनो, सहल सगळ्या घराची असली तरी बॅगा भरणारे हात दोनच असतात, आणि ते कुणाचे हे काय सांगायला हवं?

आमची मंडळी चार. आम्ही दोघं, दहा वर्षांची लेक आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, गुडघ्यांनी बेजार. यांच्या यादीत सात शहरं होती. नकाशा पसरून बसलो आणि एकेकावर काट मारली. एक शहर बदलायचं म्हणजे जवळजवळ एक दिवस जातो. हॉटेल सोडा, स्टेशन गाठा, गाडी, पुन्हा नवं हॉटेल शोधा. प्राग गेलं, ॲमस्टरडॅम गेलं. प्रागसाठी दोन दिवस घरात अबोला होता, पण उरली चारच : पॅरिस, ल्युसर्न, फ्लॉरेन्स आणि रोम. प्रत्येक ठिकाणी चार रात्री. व्हेनिससाठी लेक हटून बसली होती. ते फ्लॉरेन्सहून जलद गाडीने सव्वादोन तासांवर आहे. सकाळी रिकाम्या हातांनी जायचं, रात्री आपल्याच खोलीत परत. (२०२४ पासून तिथे ठराविक दिवशी दिवसापुरत्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतात, तारखा आधी पाहून ठेवा.) ल्युसर्नहून इंटरलाकेनही असंच, दोन तासांत. मुक्काम चार, पाहून होतात सहा गावं.

विमानाचं तिकीट जाताना पॅरिसचं आणि येताना रोमहून काढावं. तिकीट काढताना 'मल्टी-सिटी' असा पर्याय असतो. एकाच गावी जाऊन-येऊन काढलं, तर शेवटी उलटं परत येण्यात एक दिवस आणि गाडीभाडं दोन्ही वाया जातं.

व्हिसा एकच लागतो, शेंगेनचा. स्वित्झर्लंडही त्यात येतं, फक्त तिथलं नाणं वेगळं, फ्रँक. अर्ज मात्र ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. आमच्या आठ रात्री इटलीत, म्हणून अर्ज इटलीकडे. रात्री सारख्या असल्या, तर ज्या देशात पहिल्यांदा पाऊल टाकणार तो देश. जून २०२४ पासून मोठ्यांना शुल्क ९० युरो आहे, सहा ते अकराच्या मुलांना निम्मं. तीस हजार युरोंचा प्रवासविमा सक्तीचा. सहा महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो; सुट्टीच्या दिवसांत तारखा मिळत नाहीत, तेव्हा "बघू, करू" असं म्हणणाऱ्यांच्या हाती ही फाइल देऊ नये!

आता गाड्या. 'युरेल' नावाचा पास मिळतो, तो ३३ देशांत चालतो. त्यात दिवस विकत घ्यायचे असतात. महिन्याभरातले कुठलेही पाच दिवस घेतले, तर त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत कितीही गाड्यांत बसा. आमचे गाडीचे दिवस मोजले तर बरोबर पाच भरले. मी वहीत दोन रकाने पाडले, एकीकडे पास, दुसरीकडे सुटी तिकिटं. साठीपुढच्यांना पासात दहा टक्के सूट आणि चार ते अकराच्या मुलांचा पास मोठ्यांबरोबर फुकट, त्यामुळे आमच्यापुरतं पासाचं पारडं जड झालं. मोठी माणसं दोघंच असाल, तर काही महिने आधी काढलेली सुटी तिकिटं पुष्कळदा स्वस्त पडतात. हिशेब स्वतः करावा, शेजारणीचा उतरवून घेऊ नये.

पास म्हणजे जागा नव्हे, हे मात्र नीट ध्यानात ठेवा. फ्रान्सच्या तेजेव्हे आणि इटलीच्या जलद गाड्यांना आरक्षण सक्तीचं असतं आणि त्याचे पैसे वेगळे. फ्रान्सच्या गाड्यांत पासवाल्यांसाठी जागा मोजक्याच ठेवतात, म्हणून ते आरक्षण सगळ्यांत आधी. स्विस गाड्यांत देशातल्या देशात आपल्या एस.टी.सारखं, चढा आणि रिकाम्या जागी बसा.

पॅरिसमध्ये मोठी स्टेशनं सहा-सात आहेत. आपल्या मुंबईत दादरची गाडी कुर्ल्याहून मिळत नाही, तसंच तिथे. स्वित्झर्लंडची गाडी 'गार द लिओं'वरून सुटते. बाझेलपर्यंत तीन तास, तिथे गाडी बदलून तासाभरात ल्युसर्न. फलाटाचा नंबर वीसेक मिनिटं आधीच लागतो, आणि दारं गाडी सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद. पुढे ल्युसर्नहून मिलान सव्वातीन तास, मिलानहून फ्लॉरेन्स दोन तास, तिथून रोम दीड तास. फलाटावरच्या पाट्यांवर नावं त्यांच्या भाषेत असतात. फ्लॉरेन्स म्हणजे 'फिरेन्झे', व्हेनिस 'व्हेनेत्सिया'. फलाट इटलीत 'बिनारिओ', ल्युसर्नकडे 'ग्लाइस'. एवढे शब्द मी लेकीला पाठ करायला लावले आणि पाट्या वाचायचं काम तिच्याकडेच दिलं.

ल्युसर्न ते मिलान जलद गाडी गॉटहार्डच्या नव्या बोगद्यातून जाते. ५७ किलोमीटर, जगात सर्वांत लांब, २०१६ मध्ये सुरू झाला. अभिमानाची गोष्ट खरी, पण वीस मिनिटं नुसता अंधार! सवड असली तर आर्थ-गोल्डाऊला गाडी बदलून जुन्या, १८८२च्या घाटमार्गाने जा. तासभर जास्त लागतो. वासेन गावाशी रूळ डोंगराच्या पोटात गोल वळसे घेत चढतात, त्यामुळे एकच पांढरं चर्च तीनदा दिसतं, आधी डोक्यावर, मग समोर, मग पायाखाली. सासूबाईंनी तिन्ही वेळा हात जोडले.

हमाल मिळेल अशी आशा धरू नका. पुष्कळ गाड्यांना फलाटावरून दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात. जायच्या आठवडाभर आधी भरलेली बॅग उचलून आपल्याच इमारतीचे दोन मजले चढून पाहावेत. नाही जमलं तर साड्या कमी कराव्यात. सासूबाई आठ साड्यांवरून चारवर आल्या. धुलाईची दुकानं गावोगाव आहेत. हॉटेल स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत घ्यावं, थोडं महाग पडलं तरी, आणि लिफ्ट आहे का हे विचारूनच.

खाण्याचं म्हणाल, तर भाजून फोडणी दिलेला कोरडा रवा नेला होता. उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं की पाच मिनिटांत उपमा. धपाटे, चटणी, मेतकूट चालतं. पेढे, खवा, तूप नेऊ नये. दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपीय संघात बंदी आहे. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळ अखंड वाहत असतात, पाणी गार आणि पिण्याजोगं. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली तेवढी उघडी. स्टेशनातल्या संडासाला पैसे पडतात, गाडीतला फुकट. उतरण्याआधीच उरकून घ्यावं.

इटलीत 'शोपेरो' हा शब्द दिसला की संप समजा. तो आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठराविक स्थानिक गाड्या सोडाव्याच लागतात. तरी विमानाच्या दिवशी दुसऱ्या गावाहून येणं ठेवू नये. शेवटच्या चार रात्री रोमच्या त्यासाठीच. तेर्मिनी स्टेशनातून विमानतळाची थेट गाडी बत्तीस मिनिटांत पोचवते. तिच्या फलाटापर्यंत सामान ओढत जायला मात्र दहा मिनिटं जास्तीची धरा.