पूर्वाश्रमीची गाडी

जुन्या वस्तूंविषयी मला लहानपणापासून आदर आहे. तो बाळगण्यावाचून इलाजच नव्हता, कारण मी आईवडिलांचा तिसरा मुलगा. थोरल्याची चड्डी मधल्याकडे आणि मधल्याची माझ्याकडे येई, तेव्हा तिच्यात कापड कमी आणि इतिहास जास्त उरलेला असे. इतिहासाच्या पुस्तकात माझ्या हाती येईपर्यंत अकबराला चष्मा लागलेला असे आणि व्हिक्टोरिया राणीला मिशा फुटलेल्या असत. फार काय, मला मिळालेले आईवडीलही आधी दोन मुलांनी वापरलेले होते.

त्यामुळे चारचाकी घ्यायचं ठरलं तेव्हा ती जुनीच घ्यायची यावर आमच्या घरात दुमत नव्हतं. वाद झाला तो पेट्रोलवरची की विजेवरची यावर. मी राहतो कर्जतला आणि कारकुनी करतो खालापूर तालुक्यातल्या एका बँकेच्या शाखेत. हे दोन्ही तालुके म्हणजे विजेचं आजोळ. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी नळांतून डोंगराखाली सोडून टाटांनी वीज काढली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना दिली. मुंबईचे कारखाने शंभर वर्षांपूर्वी आमच्या विजेवर चालले. मग आमच्या दाराशी एक गाडी चालायला हरकत काय, असा माझा मुद्दा होता. वडिलांनी तो उचलून धरला. ते रेल्वेतले निवृत्त ड्रायव्हर. उभी नोकरी कर्जतच्या बँकर इंजिनांवर झालेली. कर्जतहून लोणावळ्याकडे जाणारी गाडी सदतीसास एक असा चढ चढते, म्हणून तिला मागून रेटा द्यायला जी इंजिनं लावतात त्यांना बँकर म्हणतात. बँकर जोडेपर्यंत गाडी थांबते आणि तेवढ्यात प्रवासी बटाटेवडा खातात. तात्पर्य, आमच्या घरातला खरा बँकर म्हणजे बाबा. मी नुसता बँकेत आहे.

गाडी पनवेलकडच्या एका व्यापाऱ्याकडे मिळाली. २०२० सालची. हिरवी पाटी, आत स्वच्छ, टायर बरे.

"तीन मालक झालेत," व्यापारी म्हणाला. "तीन माणसांना पसंत पडलेली वस्तू आहे साहेब!"

मी बी. कॉम. असल्याने जमेच्या बाजूचं वाक्य नावेच्या बाजूला कसं दिसतं ते मला लगेच कळतं. तीन माणसांना पसंत पडलेली म्हणजेच तीन माणसांनी विकलेली. पण किंमत अशी होती की चौथा माणूस होण्यात कमीपणा वाटू नये.

पहिले आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी तिने स्वभाव दाखवला. घरून निघताना पडद्यावर एकशे ऐंशी किलोमीटर जाईन असं लिहिलेलं. पळसदरीला ते एकशे वीस झालं. हाळ फाट्यापाशी पंच्याहत्तर. प्रत्यक्षात मी पंधरा किलोमीटरसुद्धा गेलो नव्हतो. महिनाअखेरीला पगाराचं होतं तेच, फक्त इथे ते पंचवीस मिनिटांत. एकदा तर चढावर पडद्यावर चक्क कासवाचं चित्र उमटलं. सशाशी शर्यत लावायची वेळ आली की काय म्हणून पाहतो तर गाडीचा जीवच गेला. चार पोरांनी ढकलून कडेला लावली. घरी येऊन सांगितलं, तर बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "म्हणजे तुझ्या गाडीलाही बँकर लागतो."

पुढे एका सकाळी तिने दारच उघडलं नाही. किल्ली दाबली, विनवण्या केल्या, काही नाही. मेकॅनिक आला आणि त्याने जे सांगितलं ते ऐकून मला माझ्या शाखेत उभं असल्यासारखं वाटलं. या गाडीत बॅटऱ्या दोन. एक मोठी, सगळ्या तळाला पसरलेली, शेकडो व्होल्टची. ती चाकं फिरवते. दुसरी साधी बारा व्होल्टची. ती दारं, दिवे आणि मोठ्या बॅटरीला जागं करण्याचं काम बघते. धाकटी मेली की थोरली जिवंत असूनही निरुपयोगी. तिजोरीत दोन कोटी आहेत, पण किल्लीवाला शिपाई रजेवर! शिवाय ती धाकटी शिसं आणि आम्लाची. गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ साली शोधलेल्या जातीची. म्हणजे एकविसाव्या शतकाचं दार उघडायला अजून एकोणिसाव्या शतकालाच हाक मारावी लागते.

ती बदलली. दार उघडलं, पण आकड्यांची घसरण चालूच राहिली. मग एका कार्यशाळेने निदान केलं की मोठी बॅटरीच बदला. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या इतका जवळचा होता की दोघांचं गोत्र एक असावं. मी पनवेलच्या व्यापाऱ्याला फोन केला. तो आनंदाने म्हणाला, "आणा परत. थोडे कमी देईन. पाचवा मालक काय, मी आठवड्यात बघतो."

हे घरात सांगितल्यावर सौ.ने भाजी चिरता चिरता विचारलं, "आणि त्या पाचव्याला काय सांगणार?"

"मी कशाला सांगू? व्यापारी सांगेल."

"तुम्हाला सांगितलं होतं त्याने?"

बायकोच्या प्रश्नांना ऑडिटरच्या प्रश्नांसारखं उत्तर देता येत नाही. ऑडिटरला चहा तरी पाजता येतो. तेव्हा ठरलं की गाडी विकायची तर तिची खरी कहाणी घेणाऱ्याच्या हातात देऊनच विकायची, आणि त्यासाठी आधी ती मला कळली पाहिजे. खातं एका शाखेतून दुसरीकडे वर्ग करताना उतारा सोबत जातो. गाडीचा का जाऊ नये?

तिसऱ्या मालकाचं नाव कागदांवर होतंच. डोंबिवलीचा तरुण. फोनवर आधी त्याला मी पैसे परत मागतोय असं वाटलं. तशी भीती नाही हे कळल्यावर मोकळा झाला. "काका, आमच्या बिल्डिंगला पार्किंगच नाही हो. मॉलमधल्या फास्ट चार्जरवर पाऊण तासात ऐंशी टक्के करायचो आणि पळायचो. दोन वर्षं तेच."

त्याने ठाण्याच्या बाईंचा नंबर दिला. त्यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. खाली गाडीची जागा होती, पण तिथे विजेचा प्लग बसवायला सोसायटीची परवानगी हवी होती. "चार मीटिंगा झाल्या," बाई म्हणाल्या. "एकांनी विचारलं, स्फोट झाला तर? दुसऱ्यांनी विचारलं, मीटर सामाईक फिरला तर? तिसरे म्हणाले, आज हिला दिला तर उद्या सगळे मागतील. पाचव्या मीटिंगला ठराव मंजूर झाला. तेव्हा गाडी विकून मला महिना झाला होता." तोवर त्याही बाहेरच्या जलद चार्जरवरच भागवीत होत्या.

त्यांच्याकडून पुण्याचा नंबर मिळाला. पहिले मालक तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले शिक्षक. ते २०२१ साली गेले. फोन त्यांच्या पत्नीने घेतला.

"तुमच्याकडे आहे होय ती?" त्या म्हणाल्या. "बरी आहे ना?"

गाडी बरी आहे का असं आजवर मला कोणी विचारलं नव्हतं. किती जाते, एवढंच सगळे विचारत. मी खरं ते सांगितलं.

"रात्री लावता ना? अहो, हे रोज रात्री साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर लावायचे. सकाळपर्यंत. म्हणायचे, गाडीला काय आणि माणसाला काय, सावकाश जेवू घालावं. एक वहीसुद्धा ठेवली होती त्यांनी."

मी हे बाबांना सांगितलं, तर त्यांनी पेपर चक्क बाजूला ठेवला. मग त्यांनी मला जे समजावलं ते मी बँकेच्या भाषेत मांडतो. मोठ्या बॅटरीत शंभराच्या आसपास घरं एकापुढे एक जोडलेली असतात. सगळी सारखी भरलेली असली तर ठीक. एक जरी मागे राहिलं तरी गाडी त्याच्यासाठी थांबते; गाडीचा वेग सगळ्यात अडलेल्या डब्याइतकाच. ही घरं पुन्हा एका पातळीवर येतात ती बहुधा भरणा पूर्ण होत आला असताना, सावकाश. जलद चार्जरवर माणूस ऐंशीला उठून जातो, म्हणजे हिशेब जुळवायची वेळ येण्याआधीच कारकून घरी! त्यात गाडीला आपली शिल्लक मोजायचीही संधी मिळत नाही. पडद्यावरचा आकडा म्हणजे कित्येक वर्षं न भरलेलं पासबुक.

मी कारकून असल्यामुळे मालकांवर न थांबता गाडीच्या कुळापर्यंत गेलो. तिथेही तीच कहाणी निघाली. ताशी शंभर किलोमीटरच्या पलीकडे पहिल्यांदा गेलेली मोटार पेट्रोलची नव्हती, विजेची होती. १८९९ साली कामीय जेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने ती फ्रान्समध्ये पळवली. हेन्री फोर्डने जगाला पेट्रोलवर बसवलं, पण त्याची बायको क्लारा विजेची गाडी चालवत असे. पुढे १९१२ साली कॅडिलॅक गाडीत हँडल न मारता पेट्रोल इंजिन सुरू करणारा स्टार्टर बसला. तो स्टार्टर म्हणजे विजेचीच मोटर! घरच्याच माणसाने घर फोडल्यावर विजेची गाडी हळूहळू अडगळीत गेली. आणि गावोगावी वीजच नव्हती, तर ती भरणार कुठे? आपल्याकडे १९९३ साली दिल्लीच्या प्रदर्शनात केरळातल्या चालकुडीची 'लव्हबर्ड' आली. २००१ साली बंगळूरची 'रेवा' आली. ती लंडनच्या रस्त्यांवरही धावली. म्हणजे ही कल्पनाच मुळात जगाने वापरून, विकून, परत घेतलेली आहे. आणि दर वेळी तिला सोडणाऱ्याची अडचण थोडीबहुत डोंबिवलीच्या पोरासारखीच होती. गाडी हवी होती, तिला रात्री टेकायला जागा नव्हती.

आमच्याकडे पडवी आहे. पडवीत प्लग आहे. बाबांनी रात्रपाळी स्वतःकडे घेतली. रोज साडेनऊला वायर लावायची, सकाळी सहाला काढायची. निवृत्तीनंतर इतक्या आनंदात मी त्यांना पाहिलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात फरक शून्य. तिसऱ्यात हाळ फाट्याचा आकडा शंभरावर आला. सहाव्यात एकशे पंचेचाळीस. दोन मालकांच्या काळात झिजलं ते झिजलंच. ते काही भरून येणार नाही. पण पासबुक जुळलं.

मग आम्ही पुण्याला गेलो. बाबा शेजारी. खंडाळ्याच्या घाटात मी एक डोळा पडद्यावरच्या कासवाच्या जागेवर ठेवून होतो. लोणावळा आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "बँकर लागला नाही."

कोथरूडच्या त्या बंगल्यासमोर गाडी थांबली, तेव्हा काकू फाटकातच होत्या. त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, मागच्या दारावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हा आमच्या वेळचा नाही." मग आत जाऊन हळदकुंकू आणलं, बॉनेटवर बोट टेकवलं, आणि भिंतीवरचा एक जुना प्लग दाखवून म्हणाल्या, "लावा. जेवण होईपर्यंत होईल थोडं." गाडीलाही माहेरचं जेवण मिळालं. तीन तासांत पंधराएक टक्के. पुरणपोळीच्या मानाने हलकंच.

निघताना त्यांनी ती वही माझ्या हाती दिली. तारीख, किलोमीटर, युनिट, शेरा. अक्षर असं की आमच्या शाखेत असतं तर संगणक यायला दहा वर्षं उशीर झाला असता. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'ठीक' होतं. कुठे 'हिला घेऊन सिंहगड पायथा'. ही 'हिला' म्हणजे गाडी की काकू, ते विचारायचं धैर्य झालं नाही.

परतीच्या वाटेवर घाट उतरताना पडद्यावरचे टक्के उलटे वाढू लागले. बाबा वहीतून वर बघून म्हणाले, "यात नवं काय? १९२८च्या सुमाराला आली ती खेकडा इंजिनं. घाट उतरताना वीज तारेत परत द्यायची." आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

वहीत पुष्कळ कोरी पानं आहेत. शेवटच्या नोंदीखाली मी एक ओळ रिकामी सोडली, ठाणे आणि डोंबिवलीचा थोडक्यात उतारा लिहिला आणि त्याखाली कर्जतची पहिली नोंद घातली. त्याच संध्याकाळी पनवेलहून फोन आला. पाचवा मालक तयार होता, बसलेलाच होता दुकानात.

"गाडी चार्जिंगला लावलीय," मी म्हटलं.

"किती वेळ लागेल साहेब?"

मी पडवीकडे पाहिलं. बाबा वायर नीट बसलीय की नाही ते बघत होते.

"काही सांगता येत नाही बुवा," मी म्हटलं. "सावकाश चाललंय."