नळीवरचा उजेड

पंप-ॲक्शन बंदुकीला विजेरी बसविणे हे वरवर पाहता चार स्क्रूंचे काम. प्रत्येक बारानंतर डावा हात नळीखालची मूठ मागे ओढून पुन्हा पुढे लोटतो. रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे आत जाते. विजेरी त्या हाताच्या वाटेत येता कामा नये आणि धक्क्याने तिची पकड सैल होता कामा नये. एवढे साधले की झाले, असे तराईतील आमच्या एका शेतकरी स्नेह्यांचे म्हणणे. त्यांच्या उसात रात्री रानडुकरे शिरतात.

आम्ही मात्र विचारात पडलो. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या जिम कॉर्बेटने १९२६ साली टॉर्चच्या उजेडातच टिपला. पण आंब्याच्या झाडावर बसून, खाली बांधलेल्या शेळीच्या घंटेचा आवाज ऐकून. उजेडाआधी कानांनी साक्ष दिली होती.

उसाच्या बांधावर अशी घंटा नसते. विजेरी नळीला जखडली की पाहणे आणि नेम धरणे ही दोन कामे एकच होतात. काय हलले हे पाहण्यासाठीही भरलेली नळी तिकडे रोखावी लागते. उजेडात गाईचे डोळे चमकतात, कुत्र्याचे चमकतात. माणसाचे तसे चमकत नाहीत. आणि रात्री पाणी धरावयास शेजारचा पोरही उठतो.

“दुसरी विजेरी हातात ठेवा, आधी तिने पाहा,” आम्ही म्हटले.

“बाबू लोकांना बंदुकीतले काय कळणार?” स्नेही हसले.

खरेच आहे. पण ओळख पटण्याआधी कोणावर नळी रोखू नये, एवढे कळावयास बंदूक चालविता यावी लागत नाही.