एका घराचा गठ्ठा

जुन्या बाजारात रेकॉर्डच्या ढिगाशी बसलं की पहिली दहा मिनिटं हाताला तेच तेच लागतं. 'बॉबी', 'जय संतोषी मां', नाझिया हसनची 'डिस्को दीवाने' आणि 'शोले'. त्यातही 'शोले'ची गाणी कमी, संवादांची एल.पी. जास्त. पॉलिडोरनं नुसते संवाद तबकडीवर काढले आणि लोकांनी ते विकत घेऊन पाठ केले! आमच्या हैदराबादेत आणखी दोन रेकॉर्ड हमखास दिसतात: एम. एस. सुब्बुलक्ष्मींचं १९६३ सालचं 'वेंकटेश सुप्रभातम्' आणि घंटसालांची भगवद्गीता.

मी जातो तो जुमेरात बाजार. दर गुरुवारी पुरानापुलाजवळ भरतो. नळाच्या तोट्या, बंद पडलेले पंखे, एकेकटे बूट, आणि मधेच कुठेतरी ताडपत्रीवर रेकॉर्ड.

ज्यांनी रेकॉर्ड फक्त कॅफेच्या भिंतीवर पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुनी, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी लाखेची. झाडावरच्या किड्यांपासून मिळणारी ही लाख आपल्याच देशातून जगभर जायची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, आणि हातातून सुटली की ती बशीसारखी फुटे. नंतरची एल.पी. विनाइलची, एका बाजूला वीसेक मिनिटांची. दोन्हींच्या खाचांची रुंदी वेगळी, म्हणून सुईही वेगळी लागते. आजोबांची ७८ सापडली तर नव्या प्लेअरवर तशीच चढवू नका.

गेल्या पावसाळ्यात मला तिथे एक सुतळीनं बांधलेला गठ्ठा मिळाला. तेवीस रेकॉर्ड. वर सुब्बुलक्ष्मी, म्हणून मी सोडूनच देणार होतो. पण खाली 'गीतरामायण' दिसलं. त्याखाली पु. लं.ची 'म्हैस'. मग 'शोले'चे संवाद, एक कव्वाली, दोन तेलुगू सिनेमे, लताबाई आणि हृदयनाथांचं 'शिवकल्याण राजा'. आणि सगळ्यांत तळाशी लिंग्वाफोनचा जर्मन शिकवणारा संच, पुस्तक नसलेला.

म्हणजे हे आपलंच कुणाचं तरी घर. सकाळी सुप्रभातम्, चैत्रात गीतरामायण, पाहुणे आले की म्हैस. 'शिवकल्याण राजा'च्या कव्हरवर शाईनं लिहिलंय, 'लग्नानिमित्त, मामाकडून'. ती रेकॉर्ड निघाली १९७४ साली, शिवराज्याभिषेकाच्या तीनशेव्या वर्षी.

विक्रेत्याला गठ्ठा फोडायचा होता. "शोले अलग रखो भाई, उसका गिऱ्हाईक है. मराठी पचास में ले लो, कोई पूछता नै." भाव त्याचा बरोबर होता. आर. डी. बर्मनच्या एल.पी. हजारांत जातात, मराठी भाषण-नाट्य-भावगीत हैदराबादेत कोण घेणार? माझा आतेभाऊ बरोबर होता. तो म्हणाला, "दादा, हे सगळं फोनवर आहे. म्हैस हवीय? आत्ता लावतो." आणि खरंच लावली, तिथेच, तोट्यांच्या दुकानापुढे.

त्याचं म्हणणं चूक नाही. गाणं फोनवर आहे. पण सुब्बुलक्ष्मी, पु. ल. आणि गब्बर एकाच सुतळीत बांधलेले फोनवर नाहीत. गठ्ठा फुटला की 'शोले' कुठल्या तरी कॅफेत जाणार, जर्मन भंगारात, आणि मागे उरेल ती फक्त एक जुनी मराठी रेकॉर्ड. हैदराबादचं मराठी घर कसं होतं, हे त्या एकीवरून कुणाला कळणार? मी अख्खा गठ्ठा मागितला. घासाघीस करून अठराशे. आतेभावानं डोक्याला हात लावला. मला आजही तो सौदा महाग वाटत नाही.

घरी आणून पुसल्या तेव्हा आणखी गंमत. जास्त वाजलेली खाच करडी पडते; उजेडात तिरकी धरली की दिसतं. 'म्हैस' पूर्ण करडी. कव्वालीची एकच बाजू करडी. 'शिवकल्याण राजा' मात्र जवळजवळ कोरी. मामाचा आहेर होता, जपून ठेवला असेल, किंवा आवडला नसेल, कोण जाणे. लिंग्वाफोनच्या पहिल्या तबकड्या घासून गेलेल्या, पुढच्या चकचकीत. पोरगा जर्मनीला गेला की कंटाळला?

हे घर बंद का झालं असेल, याचा अंदाज आपल्यापैकी कुणालाही बांधता येईल. मुलं पुण्याला, बंगळूरला, त्यापुढे. फ्लॅटमध्ये माळा नाही. रेकॉर्ड काढून टाकायला माझी हरकत नाही, जागा कुणाकडे आहे? पण रद्दीवाल्याला हाक मारायच्या आधी त्या ज्या क्रमानं ठेवल्यात तसाच एक फोटो काढा, आणि कव्हरवरचं हस्तलिखित वाचून घ्या. आजी असेल तर तिला विचारा कोणती कुणी आणली. पाच मिनिटांचं काम आहे.

तेवीसच्या तेवीस सध्या माझ्याकडे आहेत, त्याच सुतळीत. मामाचं अक्षर मोठं, उजवीकडे झुकलेलं, 'ल' देठवाला, जुन्या वळणाचा. तुमच्या घरी अशा अक्षराची पत्रं असतील तर मंडळात निरोप ठेवा. मी गठ्ठा घेऊन येतो. 'म्हैस' एकदा ऐकून मगच द्यायची, एवढी अट.