वर्गणीची वही

माझ्या लहानपणी रनाळ्यात हौस म्हणून कुणी पळत नसे. पळायचं ते पॅसेंजर चुकू नये म्हणून, नाहीतर शेतात ढोरं शिरली म्हणून. मिसरूड फुटल्यावर आणखी एक कारण मिळालं : पोलीस भरती. पहाटे पाचला दोंडाईचा रस्त्यावर आम्ही सात-आठ पोरं जमायचो. मोटारसायकलच्या मीटरवर अंतर मोजून 1600 मीटरला एका निंबाच्या खोडावर चुन्याची रेघ मारली होती. थंडीत लाल मिरचीनं भरलेला ट्रॅक्टर पुढून गेला की ठसका लागायचा आणि त्या दिवसाची वेळ वाया जायची. भरतीत मी दोनदा हुकलो, तेही थोडक्यात. तो निंब मात्र डोक्यातून गेला नाही.

पुढे मुंबईत नोकरी लागली आणि वर्षभरातच घरी आबांच्या गालातली जखम बरी होईना. तंबाखू जन्माची. ‘टाटात न्या,’ डॉक्टरांनी एवढंच सांगितलं. त्या संध्याकाळी शेजारच्या काकांनी दुकानातून शंभर पानी वही आणली, वर ‘श्री’ लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव आणि 500 रुपये. वही गल्लीभर फिरली. कुणाचे 101, कुणाचे 51. एका आजीचे 20. दोघांच्या नावापुढे आकडाच नव्हता, ‘कापूस विकल्यावर’ असं लिहिलेलं. वही माझ्या हातात होती आणि मान खाली. पळायला दम लागतो हे ठाऊक होतं; दारोदार उभं राहायला त्याहून जास्त लागतो, हे त्या दिवशी कळलं.

परळचं टाटा रुग्णालय 1941 सालचं. बाहेरच्या फुटपाथवर पथारी टाकलेली, हातात फायली धरलेली माणसं पाहिली, तेव्हा प्रत्येकाच्या गावात अशीच एक वही फिरली असणार असं वाटलं. आम्हाला दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळाली. गाडगेबाबांनीही कीर्तनं करकरून लोकांच्याच पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या होत्या. आबा पुढे दोन वर्षं होते.

मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली; ती एरवी जानेवारीत होते. तिथे संस्थांसाठी धावता येतं, म्हणजे आपण धावायचं आणि ओळखीच्यांनी संस्थेला देणगी द्यायची, हे मला ऑफिसात कळलं. गरीब कर्करुग्णांच्या औषधपाण्यासाठी मी नाव घातलं आणि गावच्या ग्रुपवर निरोप टाकला. लगेच एकानं विचारलं, ‘पहिला नंबर आला तर किती मिळतील?’ नंबर यायचा नाही, म्हटलं. ‘मग पळतो कशाला?’

प्रश्न रास्त होता. बारामतीच्या लता करे साठीनंतर नऊवारीत शर्यत धावल्या, कारण नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते आणि बक्षिसाची रक्कम होती. त्या जिंकल्या. ते पळणं आमच्या गावाला लगेच समजतं. माझं कसं समजावं?

उत्तर मला टेरी फॉक्सपाशी सापडलं. कर्करोगानं उजवा पाय गेलेला हा कॅनडाचा तरुण 1980 साली कृत्रिम पाय लावून देश ओलांडायला निघाला. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला. मग रोग छातीत पोचला आणि त्याला थांबावं लागलं. पुढच्या वर्षी तो गेला. पण त्याचं मागणं काय होतं? दर माणशी एक डॉलर. म्हणजे वर्गणीच की! पैसे नुसतेही मागता आले असते. पण नुसतं मागताना मान खाली जाते, हे मी भोगलं होतं. आधी आपला घाम रस्त्यावर सांडला की मागणाऱ्याला समोरच्याच्या डोळ्याला डोळा देता येतो. धावणं रोग्यासाठी नसतंच. ते मागणाऱ्यासाठी असतं.

अर्धमॅरेथॉनचे 21 किलोमीटर. पेडर रोडच्या चढावर पोटऱ्या दगड झाल्या. कडेला अनोळखी बाया बिस्किटं घेऊन उभ्या होत्या. मी पुढचा दिव्याचा खांब धरला, त्याच्यावर मनातल्या मनात चुन्याची रेघ मारली आणि तिथवर गेलो. मग त्याच्या पुढचा. पदक सगळ्यांनाच होतं. नंबर विचारू नका.

यंदा दिवाळीला गावी गेलो. वहीतल्या वीस रुपयांच्या आजी ओट्यावर बसल्या होत्या. कुणीतरी त्यांना सगळं सांगितलं असावं. कनवटीची पन्नासची नोट काढून त्यांनी पुढे केली. मी म्हटलं, ‘आजी, हे फोनवरून द्यावे लागतात, मी भरतो तुमचे.’ त्यांना ते पटलं नाही. नोट तशीच धरून म्हणाल्या, ‘पहिले मन्हं नाव लिखी ले, मंग पय.’ आधी नाव, मग पळणं.

दुकान उघडं होतं. शंभर पानी वही घेतली.