जाळी ओढून पाहणारे हात

सर्कशीचे वेड एकदा लागले की सुटत नाही, असे जुनी माणसे म्हणत. आज तळहातावरच्या पडद्यावर जगभरच्या कसरती क्षणात पाहता येतात. तरीही बोईसर वा पालघरच्या मोकळ्या मैदानात तंबूचे खांब उभे राहिले की मुलेबाळे घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे रांगेत उभी राहतात. हे आकर्षण नेमके कशाचे?

भारतीय सर्कशीचा जन्म मराठी मुलखातला. ज्युसेप्पे किआरिनी यांची परदेशी सर्कस पाहून अश्वविद्येत निपुण असलेल्या विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली स्वतःची सर्कस उभी केली. थोर गायक रहिमतखाँ त्यांच्या समवेत गावोगाव हिंडत. पुढे केरळातील तलश्शेरी येथे कीलेरी कुन्हिकण्णन यांनी सर्कशीचे शिक्षण देणारी शाळा काढली आणि त्या मातीतून कलावंतांच्या पिढ्या निपजल्या. पुण्याचे दामू धोत्रे आपल्या वाघ-चित्त्यांच्या खेळांनी अमेरिकेपर्यंत गाजले. आणि आपल्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर, बिलिमोऱ्याला, १५ ऑगस्ट १९५१ रोजी जेमिनी सर्कशीचा प्रारंभ झाला.

त्या काळी लोक वाघ-सिंह पाहायला जात, असे आपण समजतो. परंतु वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कायम केली. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने सर्कशीत बालकांना राबविण्यास मनाई करण्याचा आदेश दिला. दोन्ही निर्णय न्याय्यच होते. पिंजरे गेले, मुलेही गेली. अनेक तंबू कायमचे उतरले. पण जे उरले, त्यांतील बाके आजही भरतात.

बोईसरला मी पाहिलेल्या खेळात माझ्या एका बाजूला औद्योगिक वसाहतीतला उत्तरेकडचा तरुण कामगार होता, दुसऱ्या बाजूला तलासरीकडचे एक वारली कुटुंब. पुढे तारापूरच्या किनाऱ्यावरच्या दोन मावश्या बसल्या होत्या. विदूषक धडपडला तेव्हा सारे एकदम हसले, कोणाला भाषांतर लागले नाही. मग झुल्यांचा खेळ सुरू झाला आणि सारा तंबू गप्प झाला.

डच धर्मगुरू आणि लेखक हेन्री नोवेन यांनी १९९१ साली जर्मनीत असाच खेळ पाहिला आणि ते त्यात इतके गुंतले की पुढे त्या कलावंतांबरोबर काही काळ प्रवासही करून आले. त्यांना उमगलेले मर्म असे : झेपावणाऱ्याने पकडणाऱ्याचे हात धरू पाहायचे नसतात, त्याने केवळ बाहू पसरायचे आणि विश्वास ठेवायचा. नोवेन यांनी त्यात देवावरील श्रद्धेचे रूप पाहिले.

पुढच्या रविवारी सकाळच्या मिस्सेला शेवटच्या बाकावर एक अनोळखी स्त्री दिसली. मिस्सा संपल्यावर आमच्या मावश्यांनी सवयीप्रमाणे तिला गाठले. "कुठची गं तू?" ती कण्णूरकडची, त्याच सर्कशीतली. वीस वर्षे झुल्यावर होती; खांदा निकामी झाल्यापासून पोशाख शिवते आणि तिकिटे फाडते. दुपारपासून तीन खेळ, म्हणून पहाटेची मिस्सा.

मी तिला नोवेन यांचा विचार सांगितला. ती हसली. म्हणाली, "तो पकडणारा तर सगळ्यांना दिसतो. मी वर चढण्याआधी रोज जाळीची दोरी स्वतः ओढून पाहायची. आणि जाळी बांधणाऱ्या पोरांना आधी जेवायला वाढायची."

जाळ्याचे मोल आमच्या किनाऱ्यावरच्या माणसांना निराळे सांगावे लागत नाही. मावश्यांनी माना डोलावल्या.

मला वाटते, सर्कशीच्या ओढीचे उत्तर तिच्या बोलण्यात आहे. आपण बाहेरून त्या जीवनाकडे मुक्त भटकंती म्हणून पाहतो. वस्तुतः तिथे कोणीच मोकळा नसतो. प्रत्येकाचा जीव दुसऱ्याच्या हाती असतो. स्वयंपाकी, शिंपी, खांब ठोकणारे, जाळी बांधणारे, यांतला एक चुकला तर वरचा खाली येतो. गाव सोडून कारखान्यांच्या आसऱ्याला आलेल्या, शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसलेल्या माणसाला दोन तास असे एकमेकांवर विसंबलेले गाव पाहायला मिळते. २०२० च्या टाळेबंदीत ऐरोलीला अडकून पडलेल्या रॅम्बो सर्कशीच्या कलावंतांनी संगणकाच्या पडद्यावरून खेळ सादर केला, तोही एकत्र राहूनच.

निघताना एका मावशीने तिला विचारले, "तुझा धर्मग्राम कोणता?" ती म्हणाली, "तंबू असेल तिथला." हे ऐकून मावशीने तिला घरी न्याहारीला नेले. पुढच्या आठवड्यात मैदान रिकामे झाले. त्यांचा मुक्काम वापीला हलला होता. मावशीने तिथल्या आपल्या भाचीला निरोप धाडला : रविवारी सकाळी शेवटच्या बाकावर बघ.